उतरत्या भावाची वाट

कुणाच्याही घरात शिरले की मी आधी मोरीतला नळ सोडून बघते. घेणारा माणूस हॉलमध्ये मान वर करून स्लॅबला चीर आहे का ते बघत असतो, त्याची बायको ओट्याच्या उंचीचा अंदाज घेत असते, आणि मी मोरीत. धार कशी आहे बघायची. धारच नसली तर जिन्याखालच्या हौदाचं झाकण उघडायचं. लातुरात घर दाखवायचं म्हणजे हे आलंच. इथं वास्तुशास्त्र नंतर, आधी बोअर.

लोक मला शोभाताई म्हणतात. पाठीमागं दलालीण म्हणतात तेही मला माहीत आहे, आणि त्यात खोटं काय आहे? विकणारा आणि घेणारा यांच्या मधे उभं राहायचं, दोघांचं बोलणं तुटू द्यायचं नाही, रजिस्ट्री झाली की दोघांकडून ठरलेली दलाली घ्यायची. सौदा फिसकटला तर आपली उन्हातली पायपीट आपल्याला. आमचे हे नळफिटिंगची कामं घ्यायचे. कुणाचा मुलगा पुण्याला गेला, कुणाचं वरच्या मजल्याचं काम अर्धवट राहिलं, कुठल्या दोन भावांत वाटण्या व्हायच्या आहेत, हे सगळं आमच्याकडं जेवताना कळायचं. त्यातूनच मी या धंद्यात शिरले. बाईमाणसानं परक्याच्या घराच्या किल्ल्या घेऊन हिंडणं ह्यांना सुरुवातीला पटलं नव्हतं. पहिला सौदा झाला आणि मग हेच लोकांना माझा नंबर वाटत फिरू लागले.

आता गुडघे कुरकुर करतात म्हणून मी जिने चढायची कामं कमी केलीत. पण या सगळ्या वर्षांत एक प्रश्न काही माझी पाठ सोडत नाही. लग्नात, दवाखान्यात, भाजी घेताना, कुणीही भेटलं की विचारतं, "ताई, आत्ता घ्यावं का थांबावं?"

आडतीवर सोयाबीनचा भाव फळ्यावर लिहितात, तसा घरांचा भावही कुठंतरी लिहिलेला असतो आणि तो फळा फक्त मला दिसतो, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. सोयाबीनचं एक पोतं दुसऱ्या पोत्यासारखंच असतं. घर एकेकच असतं. बाजार पडला म्हणून सगळी घरं स्वस्त होतात असंही नाही. ज्याला घाई नाही तो सरळ कुलूप लावून गप बसतो. पडत्या भावात विकतो तो अडलेला माणूस, आणि त्याचंच घर नेमकं आपल्याला पाहिजे तसं असेल, हे कशावरून?

हे मला कुणी शिकवलं नाही. बिरादार सरांबरोबर घरं बघत हिंडले, त्यातून कळलं.

सर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. मूळ मुखेड तालुक्यातले. आवाज मऊ, कपडे साधे, आणि बोलताना "असं बघा" म्हणून सुरुवात करायची सवय. बायको मंगलताई रेणापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका होत्या, रोज एसटीनं जाऊन येऊन. एकच मुलगी, ती औरंगाबादला शिकायला. लातुरात ते दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहायचे. घर चांगलं होतं, घरमालकही भला होता. अडचण एकच होती. सरांच्या आई, ज्यांना घरात सगळे माय म्हणायचे, त्या जिना चढायला तयार नव्हत्या.

पाय दुखतात म्हणून नाही. मायचं माहेर औसा तालुक्यात. भूकंप झाला त्या दिवशी त्या माहेरी होत्या. काय बघितलं ते त्यांनी कधी कुणाला सविस्तर सांगितलं नाही, पण तेव्हापासून डोक्यावर घर आणि पायाखाली घर असलेल्या जागी त्या झोपल्या नाहीत. दुसऱ्या मजल्यावर एकदाच आल्या, चहा घेतला आणि संध्याकाळच्या मुखेड गाडीनं परत गेल्या. गावी एकट्याच राहायच्या. सर दर रविवारी जाऊन यायचे.

म्हणून त्यांना जमिनीवरचं घर पाहिजे होतं. पैशाची सोय होती, दोघांच्या नोकऱ्या होत्या, बँक कर्ज द्यायला तयार होती. नव्हती ती फक्त वेळ. म्हणजे सरांच्या हिशेबातली बरोबर वेळ.

ते माझ्याकडं पहिल्यांदा आले तो उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. शहराला रेल्वेनं पाणी येत होतं. टँकर आला की गल्लीत घागरींची रांग, आणि रांगेत भांडणं. सातशे फुटांवर गेलेले बोअर धूळ फेकत होते. माझा धंदा पार बसला होता. पाणी नाही त्या गावात घर कोण घेणार? उलट विकायला मात्र लोक येत होते, आणि त्यात एक होते केंद्रे मामा.

मामा एसटीत ड्रायव्हर होते. जळकोट, मुखेड, देगलूर या रस्त्यांवर त्यांची जिंदगी गेली. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी तीन खोल्यांचं बैठं घर बांधलं होतं. पुढं अंगण, अंगणात सीताफळाचं झाड. मुलगा पुण्यात कंपनीत. तो रोज फोन करून म्हणायचा, विका आणि इकडं या.

मी मामांना म्हणाले, "विकू नका. कुलूप लावून जा, नाहीतर भाड्यानं द्या. वर्षभरानं बघू."

"भाड्यानं कोन ऱ्हाईल ताई? पाण्याबिगर?" मामा म्हणाले. "लोक गाव सोडून चाललेत. आज कुनी चार पैसे देऊन तरी राहिलंय. उद्या फुकट बी कुनी इचारनार न्हाई. तुमी गिऱ्हाईक बगा."

त्याच आठवड्यात मी बिरादार सरांना ते घर दाखवलं. मंगलताई आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्याच नाहीत. बाजूच्या खोलीचं दार उघडून, बंद करून बघत होत्या. त्या खोलीतून थेट अंगणात पाऊल पडत होतं. बाहेर येऊन त्या हळूच म्हणाल्या, "मायची खाट इथं बसंल."

सरांनी मामांना भाव विचारला. मामांनी सांगितला तो इतका कमी होता की मलाच वाईट वाटलं. सरांनी मान डोलावली, चहा घेतला, मामांच्या नोकरीची चौकशी केली. मग बाहेर स्कूटरपाशी येऊन मला म्हणाले, "असं बघा ताई. भाव कमी आहे, मान्य. पण अजून तळ आलेला नाही. यंदाही पाऊस ओढ देणार असं म्हणून राहिलेत. दिवाळीपर्यंत हेच घर आणखी उतरेल. तेव्हा येतो."

"सर, मामा दिवाळीपर्यंत थांबणार नाहीत."

"मामा नसतील तर दुसरे असतील. पडत्या बाजारात घाई घेणाऱ्यानं करायची नसते."

स्कूटर वळणावर गेली तेव्हा मंगलताईंनी मागं वळून घराकडं बघितलं, ते मला दिसलं.

मला त्या दिवशी गंमतच वाटली होती. एक माणूस भाव आणखी पडेल म्हणून घाबरून विकत होता, दुसरा भाव आणखी पडेल म्हणून खुशीत थांबत होता. दोघं एकाच कोरड्या आभाळाकडं बघत होते.

घर घेतलं तिसऱ्यानंच. दाताच्या डॉक्टरांचं तरुण जोडपं होतं. त्यांचा दवाखाना त्याच रस्त्यावर, आणि बाईंना दिवस गेलेले. त्यांनी भाव चढेल का उतरेल हे विचारलंसुद्धा नाही. "पाण्याचं काय?" म्हणून मी स्वतःच विषय काढला, तर डॉक्टर म्हणाले, "सगळ्यांचं होईल ते आमचं." आठवड्यात इसाराचे पैसे देऊन सौदा पक्का झाला. मामांनी किल्ली दिली, सीताफळाला शेवटची बादली ओतली आणि पुण्याची गाडी धरली.

त्या पावसाळ्यात पाऊस असा बरसला की मांजरा धरण भरलं. लोक कुटुंबकबिला घेऊन धरण बघायला गेले. आणि घरांचे भाव, ज्यांना खाली यायला दोन वर्षं लागली होती, ते दसऱ्याच्या आत जागेवर आले.

मी सरांना फोन केला. म्हटलं, आता घ्या, अजून फार चढले नाहीत. सर म्हणाले, "चढत्या बाजारात घेणं म्हणजे चूकच. जरा स्थिर होऊ द्या."

मग नोटाबंदी आली. सर स्वतः होऊन माझ्याकडं आले, चेहरा उजळलेला. "आता घराची खरी किंमत कळेल बघा. निम्म्यावर येतील." त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. बाजार थंड पडला, सहा महिने एक रजिस्ट्री होईना. पण निम्म्यावर काही आलं नाही. मालक म्हणायचे, नसेल घ्यायचं तर नका घेऊ, आम्ही कुठं उपाशी आहोत? मी सरांना घरं दाखवत राहिले, सर बघत राहिले. ते मला कधी वाकडं बोलले नाहीत, कधी वेळ चुकवली नाही. एवढं सभ्य आणि एवढं निष्फळ गिऱ्हाईक मी दुसरं पाहिलं नाही.

एकदा तर आम्ही नांदेडला गेलो. कुणीतरी सरांना सांगितलं होतं की नांदेडला एक मोठं सरकारी कार्यालय येणार, बाहेरच्या बाजूच्या प्लॉटना सोन्याचे दिवस येणार. सरांचा बेत असा की तिथं एक प्लॉट घ्यायचा, चढला की विकायचा आणि त्या नफ्यात लातूरचं घर. माझं माहेर नांदेडचं, तिथं माझा आतेभाऊ हाच धंदा करतो. तो आम्हाला शहराबाहेर घेऊन गेला. काळी रानं, त्यात पांढरे रंगवलेले दगड, आणि एका मोठ्या फलकावर कारंजं, बाग आणि गोरी मुलं. प्रत्यक्षात तिथं एक म्हातारा शेळ्या राखत होता. सरांनी त्याला विचारलं, "बाबा, इकडं ऑफिस होणार म्हणून राहिलेत, खरं हाय का?"

म्हातारा म्हणाला, "होनार की. माझं लगीन झालं तवापून होनारंय."

मंगलताई इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. सरही हसले. प्लॉट घेतला नाही, गुरुद्वाऱ्यात लंगरला बसून जेवलो आणि परत आलो. त्या दिवशी सरांच्या थांबण्यानं त्यांना वाचवलं, हेही मला सांगितलंच पाहिजे. कारण तिथं ज्यांनी घेतले, त्यांचे दगड अजून पांढरे आहेत.

नोटाबंदीला दोन-अडीच वर्षं झाली असतील, तेव्हा केंद्रे मामा परत आले. सकाळी माझ्या पायरीवर बसलेले दिसले. वाळले होते.

"करमंना ताई तितं," ते म्हणाले. "सातव्या मजल्यावर खिडकीत बसून काय करावं मानसानं? पोरगं चांगलंय, सून बी चांगली हाय. पन बोलायला कोन? लिफ्टमंदी मानसं भेटत्यात, ती बी मोबाईलमंदी बघत्यात." जरा थांबून म्हणाले, "माजं घर परत भेटंल का?"

मला माहीत होतं काय होणार, तरी मी त्यांना घेऊन डॉक्टरांकडं गेले. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला अंगणात खुर्च्या टाकून दिल्या. त्यांची मुलगी सीताफळाच्या फांदीला बांधलेल्या दोरीवर झोका खेळत होती. मामा झाडाकडं बघत म्हणाले, "लई वाढलं की." घराचा विषय त्यांनी काढलाच नाही. मीच काढला. बाई ओशाळून म्हणाल्या, "मामा, घर नाही देता येणार. पण तुम्ही कधीही या. सीताफळाचं झाड तुम्हीच लावलेलं आहे."

मामांना मिळालेल्या पैशात तसं घर आता लातुरात येत नव्हतं. शेवटी बाहेरच्या वस्तीत, गुंठेवारीच्या जागेत, दोन खोल्या मिळाल्या. त्यांना जवळच डेपोतले दोन जुने कंडक्टर भेटले आणि ते रमले. मी मात्र त्या सौद्याची दलाली घेतली नाही. अधूनमधून वाटतं, त्या उन्हाळ्यात त्यांच्याशी आणखी भांडायला पाहिजे होतं.

कोरोनाच्या काळात लातूर ओस पडलं. क्लासला आलेली बाहेरगावची मुलं निघून गेली, खोल्या रिकाम्या झाल्या, रस्त्यावर कुत्री झोपू लागली. सरांचा फोन आला. मी उचलताच म्हणाले, "ताई, तब्येत बरी ना? असं बघा, आता मात्र..." मला हसू आलं. त्या दिवसांत हसायला कारण मिळालं याबद्दल मी मनातल्या मनात त्यांचे आभार मानले. तेव्हाही तेच झालं. बाजार थांबला, उतरला नाही. आणि उघडला तेव्हा लोखंड, सिमेंट, विटा, गवंड्याची मजुरी, सगळंच वर गेलेलं.

आणि मग गावी माय न्हाणीत पाय घसरून पडल्या. सकाळी पडल्या, शेजारणीला कळलं दुपारी. खुबा वाचला, मनगट मोडलं. सरांनी त्यांना लातूरला आणून प्लास्टर घातलं. पण दवाखान्यातून न्यायचं कुठं? दुसऱ्या मजल्यावर माय येईनात. गावी एकटं ठेवता येईना. शेवटी त्यांच्या भाचीचं घर लातुरातच होतं, खाली होतं, तिनं नेलं. पोटचा मुलगा त्याच शहरात असताना आई भाचीकडं.

तिसऱ्या दिवशी मंगलताई माझ्या दारात उभ्या. खांद्याला शाळेची पिशवी, चपलेवर धूळ.

"सर नाही आले?" मी विचारलं.

"न्हाई. मी एकटीच आलेय. घर दाखवा, ताई. खालचं."

"बसा तर खरं. पाणी घ्या."

"बसायला आलेली न्हाई मी."

माझ्याकडं तेव्हा एका बिल्डरची रो-हाऊसं होती. चार घरांची रांग, पुढं हातभर अंगण, मागं धुणं वाळत घालायला जागा. काही देखणी नव्हती. खाली दोन खोल्या, वर एक. मंगलताईंनी सगळं घर एकदाच फिरून बघितलं. वर गेल्याच नाहीत. खालच्या खोलीत मध्यभागी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हे द्या."

"सरांना दाखवू या ना."

"त्यांना मी सांगते. बघून बघून आमची पोरगी नोकरीला लागली, ताई. उद्या माहेर म्हणून सांगायला तिला अजून घर न्हाई."

इसार करायचं ठरलं ते माझ्याच घरी, पुढच्या खोलीत. बिल्डर आला, मंगलताई आल्या. सर येतील का नाही, मला खात्री नव्हती. मी दोनदा चहा टाकला. मग फाटक वाजलं. सर आले, चपला काढल्या, बिल्डरला नमस्कार केला आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले.

"काय भाव ठरला?" त्यांनी विचारलं.

मंगलताईंनी सांगितला.

"जास्त झाला."

"झाला असंल."

"असं बघ, मंगल. लोखंड चढलंय म्हणून हा भाव आहे. लोखंड उतरलं की हाही उतरेल. वर्ष, दीड वर्ष. मी लिहून देतो पाहिजे तर."

"उतरंल की," मंगलताई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. वर्गात मुलांना समजावतात तसं बोलत होत्या. "तुमचं चुकलंय असं मी कवा म्हणलेय? तुमचं बरोबरच असंल. पण माय भाचीच्या घरी भिंतीकडं तोंड करून पडलीय. काल मला म्हणाली, 'मंगल, मला गावी सोड. कुणावर ओझं नको.' दीड वर्ष मी तिला काय सांगू? भाव उतरायलाय, जरा दम धर म्हणून?"

बिल्डर छताकडं बघत होता. मी रिकामे कप उगाच एकात एक घालत होते. सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. मग बिल्डरकडं वळून म्हणाले, "बाथरूममध्ये भिंतीला धरायला दांडी बसवून द्याल का? स्टीलची. म्हातारं माणूस राहणार आहे."

बिल्डर म्हणाला, "देतो की सर. संडासातही देतो."

"आणि फरशी? फार गुळगुळीत आहे म्हणे."

"खरबरीत टाकून देतो."

"मग काढा कागद," सर म्हणाले.

मी आजवर पुष्कळ सौदे पाहिले. भावावरून आवाज चढलेले, देवाच्या शपथा घेतलेले, ऐनवेळी उठून गेलेले. पण एका दांडीवर सौदा होताना मी तेवढाच पाहिला.

माय आल्या त्या दिवशी मीही गेले होते. रिक्षातून उतरल्या, प्लास्टरचा हात गळ्यात, दुसऱ्या हातात काठी. उंबऱ्यापाशी थांबून त्यांनी काठी फरशीवर आपटली. "हिच्या खाली काय हाय?"

"जमीन हाय माय," सर म्हणाले. "काळी जमीन. दुसरं काय न्हाई."

"आन वर?"

"वर एक खोली हाय. पोरगी आली की झोपंल. रोज कुणी नसतंय."

मायनी वर बघितलं, विचार केला, आणि दाराजवळच खाट टाकायला लावली. महिनाभर त्या दार उघडं ठेवूनच झोपायच्या, सर बाजूला सतरंजी टाकून. मग कधीतरी दार लागलं. मंगलताईंनी मला शाळेतून फोन करून ती बातमी सांगितली, जणू घरात कुणाचा तरी पहिला नंबर आला होता.

आता गंमत पुढं आहे. सरांचं भाकीत खरं ठरलं. अगदी त्यांनी सांगितलं होतं तेवढ्याच काळात. बिल्डरचं त्या रांगेतलं शेवटचं घर पडून राहिलं होतं, त्याला दुसऱ्या कामासाठी पैसे मोकळे करायचे होते, आणि त्यानं ते सरांच्या घरापेक्षा बऱ्याच कमी भावात काढलं. सारखीच बांधणी, सारखंच अंगण. मी ते सरांच्या कानावर घालावं का नाही याच विचारात होते, तेवढ्यात रविवारी सकाळी सरांचाच फोन आला. "ताई, त्या शेवटच्या घराची किल्ली तुमच्याकडं आहे ना? घेऊन या. मला बघायचंय."

मी घाबरतच गेले. माय फाटकाशी खाटेवर बसून कोवळ्या उन्हात मेथी निवडत होत्या. गल्लीतल्या दोन बायका त्यांच्याशी बोलत उभ्या होत्या. मंगलताई आतून ओरडल्या, "शोभाताई, जाऊ नका, धपाटे टाकलेत!"

सर हसत बाहेर आले. "म्हणलो होतो का न्हाई?"

"म्हणला होता, सर."

"लोखंड उतरलं, घर उतरलं."

मायनी मेथीची काडी मोडत मान वर केली. "काय उतरलं म्हनं?"

"घर, माय. शेवटचं. भाव उतरला त्याचा."

मायनी रांगेच्या टोकाकडं डोळे बारीक करून बघितलं. "कुटं उतरलंय? हाय तितंच दिसतंय की."

आम्ही त्या रिकाम्या घरात गेलो. सवयीनं मी मोरीकडं गेले. सर एकेक खोली बघत होते, भिंतीवर हात फिरवत होते, ओल आहे का बघत होते. मला वाटलं, आपण किती जास्त मोजले त्याची खंत त्यांना आतून खात असेल. पण चेहऱ्यावर तसं काही दिसेना. फरशीवर बूट घासून त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "इथंही खरबरीत टाकायला सांगा." मग खिशातून फोन काढला आणि त्यांच्या कॉलेजातल्या सोमवंशी नावाच्या तरुण सरांना लावला. मला ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

"सोमवंशी, आमच्या शेजारी घर निघालंय. बघायला ये. आत्ताच ये, ताई किल्ली घेऊन थांबल्यात."

पलीकडून सोमवंशी सरांनी विचारलं, "सर, तुम्हीच सांगा, तुम्ही एवढा अभ्यास केलाय. अजून उतरतील का?"

सरांनी खिडकीबाहेर बघितलं. तिथून त्यांचं स्वतःचं अंगण दिसत होतं.

"उतरतील की," ते म्हणाले. "उतरतीलही." मग आवाज बदलून विचारलं, "तुझी पोरगी केवढी झाली रे आता?"

मी कुलूप लावायला काढलं होतं, ते तसंच हातात धरून उभी राहिले. गिऱ्हाईक येणार होतं.